अंड्यांआधी घरं मोजावीत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस लांबला, मग भातकापणीची गडबड... असो. आज विषय जरा वेगळा आहे. सापांचा आहे. ज्यांना सापाचं नाव काढलं तरी पाय वर घेऊन बसावंसं वाटतं त्यांनी (आमच्या धाकट्या वन्संनी विशेषतः) पाय वर घेऊन वाचावं, पण वाचावं.

निमित्त घरातलंच आहे. माझा नातू, लेकीचा मुलगा, अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस शहरात राहतो. वय वर्षं सतरा. बाराव्या वर्षापासून तो साप पाळतो आणि यंदा पहिल्यांदाच त्याच्याकडच्या एका मादीने अंडी घातली. नऊ अंडी. त्यातली सात फुटली. पिल्लांचे फोटो त्याने मोठ्या कौतुकाने आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकले, ते नेमके गौरी-गणपतीच्या फोटोंमधे. मग काय विचारता! "शी, काय हे", "दुसरा काही छंद नाही का रे", "आईबापांनी लाडावून ठेवलाय", एक ना दोन. पोराने नंतर ग्रुपवर काही टाकणंच बंद केलं. आठ दिवसांनी लेकीचा फोन आला, "आई, तूच सांग त्याला हे सगळं बंद कर म्हणून. तुझं ऐकतो तो."

मी त्याला बंद कर म्हणून सांगितलेलं नाही. दुसरी एक गोष्ट मात्र सांगितली आहे आणि ती त्याला आवडलेली नाही. हे दोन्ही का, ते प्रत्येकाला वेगवेगळं फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहावं म्हणून हा लेख.

आधी साप कुठले ते सांगते, कारण ग्रुपवर कुणीतरी 'नाग पाळलाय म्हणे' इथपर्यंत मजल मारली होती. इंग्रजीत ज्यांना 'रॅट स्नेक' म्हणतात त्या गोतावळ्यातले हे आशिया खंडातले साप. सगळे बिनविषारी. आपली धामण म्हणजे सुद्धा रॅट स्नेकच, पण ह्या छंदातले बहुतेक साप तिचे सख्खे नव्हेत, चुलत-मावस म्हणा. कुळ एक, पोटजात वेगळी. नातवाकडे एक जोडी आहे ती आमूर नदीच्या खोऱ्यातल्या जातीची. रशियाचं पूर्व टोक, ईशान्य चीन आणि कोरिया हा तिचा मुलूख. काळाभोर अंग आणि त्यावर पिवळे आडवे पट्टे. अंडी घातली ती ह्या जोडीतल्या मादीने. दोन आहेत तैवानकडचे 'ब्यूटी' म्हणतात ते, लांब, शेलाटे, डोळ्यामागून काळी रेघ ओढलेले. आणि एक आहे 'मँडरिन'. करड्या अंगावर काळ्या चौकटी आणि चौकटीत पिवळा ठिपका, जणू इरकली काठावरची नक्षी. ही मँडरिन दिवसभर बिळात असते, कुणाला तोंड म्हणून दाखवत नाही. माझ्या लेकीने तिचं नाव 'गोशातली' ठेवलंय! म्हणजे लेकही अगदीच काही परकी राहिलेली नाही.

२०२३ साली मी चार महिने त्यांच्याकडे होते तेव्हा हे सगळं जवळून पाहिलं. प्रत्येक साप वेगळ्या पेटीत. पेटीला कुलूप. एका टोकाला ऊब, दुसरं टोक गार, म्हणजे सापाला हवं तिथे जाऊन बसता येतं. लपायला खोका, पाण्याचं भांडं. खायला उंदीर, पण जिवंत नाही. मारून गोठवलेले विकत मिळतात. ते लेकीने स्वयंपाकघरातल्या फ्रीजमधे ठेवू दिले नाहीत म्हणून गॅरेजमधे वेगळा छोटा फ्रीझर आहे. उंदीर पाण्यात ठेवून कोमट करायचा आणि चिमट्याने द्यायचा. मी विचारलं, जिवंत का देत नाहीस? तर म्हणाला, "आजी, पेटीत पळायला जागा नसली की उंदीरच सापाला चावतो." आणि सापाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुलांना त्यापासून लांबच ठेवायचं.

पण मला खरं आवडलं ते त्याचं रजिस्टर. मी पस्तीस वर्षं हजेरीपट भरले. रजिस्टर बघून मला माणूस कळतो असं माझं मत आहे (आमचे हेडमास्तर हसायचे ह्यावर). ह्या पोराने प्रत्येक सापाचं वेगळं पान केलंय. कधी खाल्लं, किती खाल्लं, कधी कात टाकली, कात अखंड निघाली की तुकड्यातुकड्याने, वजन किती ग्रॅम. पाच वर्षांत एकही आठवडा कोरा नाही. ज्या मुलाला सकाळी उठवायला त्याची आई तीन हाका मारते तो मुलगा हे करतो. शिवाय कुणासाठी? जो प्राणी त्याला ओळखून शेपूट हलवणार नाही, हाकेला ओ देणार नाही, मांडीवर येऊन झोपणार नाही त्याच्यासाठी. तैवानवाल्यांतला एक तर अजूनही दार उघडलं की मानेचा 'एस' करून अंगावर येतो. नातू म्हणतो, "त्याला मी आवडायलाच पाहिजे असं थोडंच आहे?" हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. आभार न मानणाऱ्याची काळजी घेणं हे शिक्षण आहे. शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको!

तेव्हा नातेवाइकांना पहिली विनंती अशी की 'किडे', 'थेरं' हे शब्द कृपया बंद करावेत. पोरगा काही बेकायदा करत नाही. ओहायोत २०११ साली झेन्सव्हिल गावाजवळ एका माणसाने पाळलेले वाघ-सिंह मोकळे सोडले होते. त्यानंतर २०१२ मधे तिथे घातक वन्य प्राण्यांचा कायदा झाला. विषारी साप आणि मोठाले अजगर त्या कायद्यात आले. हे रॅट स्नेक त्यात नाहीत.

दुसरा आक्षेप जरा वजनाचा आहे, तो आमच्या पुण्याच्या भावजींनी घेतला. "जंगलातला जीव जंगलात बरा. पेटीत कशाला कोंडायचा?" तत्त्व मला मान्य आहे. पण नातवाकडचे पाचही साप जंगल न पाहिलेले आहेत. त्यांचे आईबापही पेटीतच जन्मलेले. त्यांना आता आमूरच्या काठी नेऊन सोडा म्हटलं तर ती दया ठरणार नाही.

आणि इथेच ह्या छंदाची जमेची बाजू आहे. त्या गोशातलीचंच उदाहरण घ्या. ही जात चीन, व्हिएतनाम, म्यानमारच्या डोंगरांतली, आपल्या ईशान्येकडेही आढळते. थंड, ओलसर जागी उंदरांच्या बिळात राहणारी. १९८० आणि ९० च्या दशकांत हे साप चीनमधून पकडून अमेरिकेत-युरोपात पाठवत. पिशव्यांत कोंबलेले, तहानलेले, अंगात जंत. पोचेपर्यंत बरेच मरत, जे पोचत ते खात नसत. विकत घेणारा दिवे लावून पेटी गरम करी, कारण साप म्हटला की ऊन हवं अशी समजूत. ह्यांना तर ती उष्णताच मारक! हळूहळू काही चिकाटीच्या लोकांना कळलं की ह्यांना गारवा हवा, एका वेळी छोटा घास हवा, काळोख हवा आणि हिवाळ्यात झोप हवी. मग घरात पिल्लं निघू लागली आणि घरचं धडधाकट पिल्लू मिळत असताना जंगलातला आजारी साप कोण घेईल? जर्मनीत क्लाउस-डीटर शुल्त्झ ह्यांनी ह्या सापांवर १९९६ साली मोठा ग्रंथ काढला तो आजही हौशी लोक प्रमाण मानतात. म्हणजे नुसती गंमत नाही, अभ्यास आहे.

पण इथेच थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणते. 'आम्ही पैदास करतो म्हणजे जाती वाचवतो' असं ह्या छंदातले लोक सर्रास म्हणतात, आमचा नातूही म्हणतो. हे मला पटत नाही. कोलंबसमधल्या गॅरेजशेजारच्या खोलीत जन्मलेलं पिल्लू परत चीनच्या डोंगरात कुणी नेऊन सोडत नाही, सोडूही नये. मग वाचलं काय? जंगलातले साप पकडण्याची मागणी थोडी घटली, एवढंच. ते काही कमी नाही, पण त्याला तेवढंच म्हणावं. शिवाय 'घरी जन्मलेला' ह्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी परिस्थितीही नाही. इंडोनेशियातून बाहेर जाणाऱ्या हिरव्या अजगरांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पैदास केंद्रातले म्हणून कागद असलेल्या त्या सापांपैकी निदान ८० टक्के जंगलातूनच पकडलेले निघाले. अजगरांत झालं ते इतरांत होणार नाही असं कोण म्हणेल? म्हणून ज्याच्याकडून साप घ्यायचा त्याच्याकडे आईबाप बघायला मागावेत, रजिस्टर मागावं. मुलगी देताना आपण जेवढी चौकशी करतो त्याच्या चौथाई तरी करावी!

आता मी ज्या मुद्द्यावर नातवाशी भांडले तो.

साप पाळणं वेगळं आणि त्यांची पैदास करणं वेगळं. पैदास कशी होते ते मी आता बऱ्यापैकी सांगू शकते. हिवाळ्यात आधी दोन आठवडे उपास, म्हणजे पोटात काही राहून कुजत नाही. मग दोन-तीन महिने गार, काळोखी जागेत झोप. वसंतात उठले की खाऊ-पिऊ घालायचं आणि नर-मादी एकत्र आणायचे. जूनच्या सुमारास मादी कात टाकते, मग ओल्या शेवाळाच्या डब्यात अंडी घालते. अंडी कोंबडीसारखी टणक नसतात, चामड्यासारखी मऊ असतात. आणि कोंबडी अंडी सारखी फिरवते, तर सापाचं अंडं ज्या बाजूवर पडलं त्याच बाजूवर ठेवायचं, उलटलं तर आतला जीव जाऊ शकतो. उबवणीच्या पेटीत सव्वीस-सत्तावीस अंश, साधारण दोन महिने. मग पिल्लू नाकावरच्या बारीकशा दाताने कवचाला चीर देतं, डोकं बाहेर काढतं आणि दिवसभर तसंच बसून जग न्याहाळतं. ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. (ऑपरेशनमुळे असेल असं जावई म्हणाले.)

तर अवघड आहे, कौशल्याचं आहे, पण होतं. आणि एकदा जमलं की दर वर्षी होतं. मी गणिताची शिक्षिका नव्हे, मराठी आणि इतिहास शिकवला, पण एवढी आकडेमोड मलाही येते. एका मादीने वर्षाला नऊ अंडी धरली तर दहा वर्षांत नव्वद. हे साप नीट सांभाळले तर पंधरा वर्षं सहज जगतात. नव्वद गुणिले पंधरा म्हणजे एक हजार तीनशे पन्नास वर्षांची राखण, आणि ती एका मादीपायी. मोठा साप आठ-दहा दिवसांनी एक उंदीर खातो, म्हणजे वर्षाला चाळीसेक. नव्वद सापांना वर्षाला छत्तीसशे उंदीर. तेही कुणीतरी पैदा करून, गॅसने मारूनच गोठवतं. हा हिशोब कुणाच्याच रजिस्टरमधे मला दिसला नाही. अंड्याच्या पानावर तारीख आहे, वजन आहे, तापमान आहे. 'हे कुठे जाणार' हा रकानाच नाही.

सात पिल्लांपैकी चार गेली. कोण घेऊन गेलं, त्यांच्याकडे जागा किती, हे नातवाने विचारलं होतं. त्याबद्दल त्याला शाबासकी दिली. पण उरलेली तीन अजून घरातच आहेत, आणि तिघांना तीन पेट्या. पाळणाऱ्याला कंटाळा आला की काय होतं तेही बघा. जपानच्या ओकिनावा बेटावर नातवाकडे आहे तसलाच तैवानचा 'ब्यूटी' साप माणसाने आणला, तो सुटला आणि आता तिथे रानभर झालाय. जपानने त्याला उपद्रवी परकी जात म्हणून कायद्याने जाहीर केलं. आणि त्या आमूरवाल्यांचं सांगायचं तर नेदरलँड्समधे एल्डे नावाच्या गावाजवळ पाळलेले साप मोकळे झाले, त्यांनी तिथेच संसार थाटला. आशियातला साप युरोपातल्या गवतात! तो काही स्वतः आगगाडीत बसून गेला नव्हता.

रंगांचं वेड हा आणखी एक प्रकार. पांढरा हवा, ठिपक्यांचा हवा, कुणाकडे नसलेला हवा, म्हणून भावंडांची जोडी लावायची. बॉल पायथन म्हणून आफ्रिकेतला छोटा अजगर असतो, त्याच्यात 'स्पायडर' नावाचा एक रंग काढला. त्या सापांचं डोकं आयुष्यभर डगमगतं, काहींना सरळ घासही घेता येत नाही. तरी विकले गेले, कारण दिसायला सुरेख! आशियाई रॅट स्नेकमधे हे लोण तेवढं पसरलेलं नाही. नातवाला मी आधीच बजावून ठेवलंय, देवाने काढलेल्या नक्षीत आपण खोडरबर चालवू नये.

मागच्या महिन्यात त्याने मला एक भलतंच विचारलं. "आजी, तुमच्याकडे तस्कर असतो ना? त्याची जोडी मिळाली तर किती मस्त!" आता तस्कर म्हणजे आपल्याकडचाच रॅट स्नेक. पुस्तकातलं नाव सीलोग्नॅथस हेलेना. तपकिरी अंग, पुढच्या अर्ध्या अंगावर सुंदर चौकटी, मानेवर रेघा. आमच्या मांगरात मी तो दोन-तीनदा पाहिलाय. चिडला की मान उभी चेपून असा काही आव आणतो की बघणाऱ्याला नाग वाटावा, आणि बिचारा तेवढ्यासाठीच मार खातो. मी त्याला म्हटलं, बाळा, त्या सापाचं नावच तस्कर आहे, तू आजीला तस्कर करू नकोस! चेष्टा सोडली तर गोष्ट गंभीर आहे. इथला साप पकडणं, बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. आणि दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेला प्राणी ठेवणं हा अमेरिकेतही गुन्हा, लेसी कायद्याने. त्याला घरच्या पैदाशीचा तस्कर तिकडे कुणाकडे मिळाला, कागद आणि आईबाप दाखवून, तर घेऊ दे बापडा. आमच्या मांगरातला मिळणार नाही.

इथे कुणी विचारेल, की अमेरिकेत चालतं तर आपल्याकडे का नको? हौस तर आपल्याकडच्या मुलांनाही आहे. माझं मत असं की आपल्याकडे नकोच, आणि ते फक्त कायद्यासाठी नव्हे. नव्वद सालच्या आसपास आमच्या शाळेत एक गृहस्थ सापांचा कार्यक्रम करायला आले होते. पोत्यातून धामण काढली आणि मुलांच्या गळ्यात घातली. दोनशे मुलांना त्या दिवशी कळलं की धामण विषारी नाही, ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पीत नाही, नागाची बायकोही नव्हे. हे शिक्षण झालं, ते मी नाकारत नाही. पण त्या धामणीचं नाक घासून घासून सोललेलं होतं आणि तोंडाला कोरड पडली होती. एका मुलीने विचारलं, "बाई, हिला पाणी देऊ?" कार्यक्रम संपेपर्यंत तिला पाणी कुणी दिलं नाही. त्या साऱ्या कार्यक्रमात खरा प्रश्न त्या मुलीने विचारला असं मला आजही वाटतं. आपल्याकडे साप हातात धरण्याला टाळ्या मिळतात, पाणी देण्याला नाही. हे बदलेपर्यंत पाळण्याची परवानगी म्हणजे धामणींना पोत्यात घालण्याची परवानगी.

कायद्यानेही आता धामणीला चांगलंच वर बसवलंय. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात धामण पहिल्या अनुसूचीत आली. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी २०२४ साली नियम झाले, आंतरराष्ट्रीय सायटिस करारातल्या जाती असतील तर परिवेश पोर्टलवर नोंद करायची. नोंद सक्तीची झाली हे मला फार बरं वाटलं. रजिस्टर आलं ना!

आणि कोकणात राहणाऱ्याने धामण पाळायची तरी कशाला? ती पाळलेलीच आहे. भाताच्या उडव्यांखाली उंदीर असतात तोवर ती येते, पडवीच्या कडेने जाते, आपल्या कामाला लागते. आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक म्हणतात जोडी लागली, वर कोरं कापड टाका. प्रत्यक्षात ते बहुधा दोन नर असतात, कुस्ती खेळत असतात. कापड टाकणाऱ्यांना मी हसत नाही. निदान ते काठी तरी टाकत नाहीत. जावा बेटावर ह्याच धामणी कातड्यासाठी हजारोंनी मारल्या गेल्या. चीनमधे त्या आणि त्यांचे भाऊबंद खाण्यासाठी फार्मवर वाढवत असत. २०२० च्या फेब्रुवारीत तिथे जमिनीवरचे वन्य प्राणी खाण्यावर बंदी आली. त्यामानाने आपल्या परड्यात फिरणारी धामण सुखी म्हणायची. दगड उचलला नाही की झालं. तिच्यासाठी एवढं पाळणं पुरे.

तर मंडळी, मी नातवाला सांगितलं ते असं. साप ठेव. रजिस्टर ठेव. यंदा थंडीची झोपही दे, त्यांच्या प्रकृतीला ती हवी. पण वसंतात जोडी लावू नकोस. पुढच्या जूनमधे अंडी आली तर ती ऑगस्टात फुटणार, आणि ऑगस्टातच तू कॉलेजच्या वसतिगृहात जाणार. तिथे साप ठेवू देत नाहीत. म्हणजे पाच मोठे, तीन छोटे आणि वर नवी सात-आठ, हे सगळं तुझ्या आईच्या गळ्यात. जी बाई फ्रीजमधे उंदीर ठेवू देत नव्हती ती पाच सापांना उंदीर भरवायला तयार झाली आहे, तुझ्या प्रेमापोटी. त्या प्रेमावर आणखी किती ओझं टाकणार?

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आजी, आत्ताच जमायला लागलंय. चार वर्षं थांबलो तर हात जाईल. आणि पिल्लं विकून कॉलेजचा थोडा खर्च निघेल." दोन्ही खरं आहे. हात जाईल हे तर मला कळतं, वर्षभर फळ्यावर लिहिलं नाही तर अक्षर बिघडतं. पण हात परत येतो. उरलेल्या पिल्लाला घर परत येत नाही. मी म्हटलं, आधी घरं मोज. चार घरं नक्की असतील तर चार पिल्लांचा विचार कर, आणि साप काही आपल्या सांगण्याने चार अंडी घालून थांबत नाही.

"आणि जोडी न लावताही मादीने घातली तर?" त्याने विचारलं. तसं होतं म्हणे. बहुधा ती पोकळच असतात, पण कधी कधी मादी आधीच्या वर्षीचं बीज साठवून ठेवते. मी म्हटलं, तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमधे. तो एकदम "आजी!" असं ओरडला. पण मला ते क्रूर वाटत नाही. पहिल्या दिवशीच्या अंड्याला काही कळत नाही. तीन वर्षं अंधाऱ्या कपाटात, अपुऱ्या पेटीत, कंटाळलेल्या मालकाकडे पडून असलेल्या सापाला कळतं.

ह्यावर त्याने अजून 'हो' म्हटलेलं नाही. 'नाही'सुद्धा म्हटलेलं नाही. नोव्हेंबर संपता संपता साप झोपी जातील आणि वसंतापर्यंत त्याच्याकडे विचार करायला वेळ आहे. तोवर नातेवाइकांनी एवढं करावं की त्याला ग्रुपवर पुन्हा बोलतं करावं. ज्याला आपण 'शी' म्हणून गप्प बसवतो तो आपलं ऐकत नाही, हे वर्गात पस्तीस वर्षं पाहिलंय. उरलेल्या तीन पिल्लांची चौकशी करा. त्यांनी पहिली कात टाकली, उंदराचं इवलंसं पिल्लू खाल्लं, दोघांची वजनं वाढताहेत, तिसरं जरा हट्टी आहे.

तुमच्यापैकी कुणी मांजरं, कुत्री, मासे, पोपट पाळत असाल, पैदास करत असाल, तर हा हिशोब तुम्हालाही लागू आहे असं मला वाटतं. पटत नसेल तर जरूर लिहा. वाद घालायला मला आवडतं, फक्त शुद्धलेखन सांभाळून घाला.